उताऱ्यांचा रविवारचा वर्ग: दहावीच्या इंग्रजीसाठी कितपत उपयोगी?

लातूरच्या ट्यूशन एरियात गणित-विज्ञानाच्या पाट्यांची दाटी आहे. केवळ इंग्रजीचे आकलन शिकवणारा वर्ग मात्र शोधत हिंडावे लागते. त्याला कारणही आहे. दहावीची टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांवर निघत असल्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलांच्या घरी इंग्रजी हा ‘पस्तीस पडले की सुटलो’ असा विषय होऊन बसला आहे, आणि तीच मुले अकरावी विज्ञानाला गेली की इंग्रजीतल्या पाठ्यपुस्तकाच्या पहिल्याच पानावर अडखळतात. माझी पुतणी औसा तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकते. तिच्यासाठी आम्ही निवडलेला हा वर्ग दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू झाला आणि बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडापर्यंत चालला. फी 3,000 रुपये, तीही दोन हप्त्यांत.

तृतीय भाषा इंग्रजीची कृतिपत्रिका, म्हणजे बोर्डाची प्रश्नपत्रिका, 80 गुणांची असते आणि उरलेले 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. या 80 पैकी पाठ्यपुस्तकातील दोन उताऱ्यांना 20, कवितेला 10 आणि पुस्तकाबाहेरच्या उताऱ्याला सारांशलेखनासह 15, असे एकूण 45 गुण समोरचा मजकूर समजतो की नाही यावर ठरतात. वर्गाने सारा भर याच भागावर ठेवला आणि पत्रलेखन, भाषांतर वगैरे शाळेवर सोपवले. हा निर्णय मला योग्य वाटला, कारण पत्राचा नमुना मुले घरीही घोटतात; न पाहिलेला उतारा वाचण्याची सवय मात्र कोणी बसवून घेतल्याशिवाय लागत नाही.

शिकवण्याची रीत साधी आहे. उताऱ्याचा कागद हातात पडला की कृती, म्हणजे उताऱ्यावरचे प्रश्न, छापलेला खालचा भाग दुमडून ठेवायचा, संपूर्ण उतारा एकदा न थांबता वाचायचा, आणि दुसऱ्या वाचनात प्रत्येक सर्वनामापासून ते ज्याच्याविषयी आहे त्या नावापर्यंत पेन्सिलीने रेघ ओढायची. पालकांना मागच्या बाकावर बसू देतात, त्यामुळे हे प्रत्यक्ष पाहता आले. त्या दिवशीचा उतारा सरांनी स्वतः लिहिलेला होता: विहीर आटल्यामुळे एका शेतकऱ्याने देवणी बैलांची जोडी हाळीच्या बाजारात विकली, एवढीच हकिकत. प्रश्न होता, त्याने आपले ‘ॲनिमल्स’ का विकले? उताऱ्यात बैलांसाठी सगळीकडे ‘बुलक्स’ असल्यामुळे ‘ॲनिमल्स’ हा शब्द ज्या एकाच ओळीत होता ती, म्हणजे बाजारात नाना तऱ्हेची जनावरे येतात ही ओळ, बहुतेक मुलांनी जशीच्या तशी उतरवून काढली. सरांनी काट मारली नाही. “हे तर बाजाराचं सांगितलंस, शेतकऱ्याचं काय?” एवढेच त्यांनी एका मुलाला विचारले, आणि वर्गातली निम्मी डोकी आपोआप पहिल्या परिच्छेदाकडे वळली. प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा आणि ती ओळ छापायची, ही वर्षानुवर्षांची खोड मोडण्यासाठी याहून चांगला उपाय माझ्या पाहण्यात नाही. पुतणी पूर्वी आकलनाची दुसरी कृती, म्हणजे जाळी किंवा तक्ता, सरळ कोरी सोडत असे. शाळेच्या सराव परीक्षेत तिने ती भरली, आणि बरीचशी बरोबर भरली.

इतके नेमके शिकवणारा वर्ग सारांशलेखनाशी आला की एकदम मार्गदर्शिकेच्या वळणावर का जातो, हे मात्र उमगत नाही. सारांशाच्या 5 गुणांसाठी ठरलेल्या सुरुवातीचा एक छापील कागद वाटला गेला; परिणामी मुले ते वाक्य लिहून पुढे प्रत्येक परिच्छेदाची पहिली ओळ जोडत जातात आणि त्यालाच सारांश समजतात. उताऱ्याखालच्या पाचव्या कृतीत स्वतःचे मत मागितलेले असते, तिथेही तयार वाक्ये पुरवली जातात. कवितेच्या रसग्रहणासाठी कवी, यमकरचना, अलंकार आणि मध्यवर्ती कल्पना यांचा तक्ता पाठ करून घेतात, त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही, कारण कविता पुस्तकातल्याच असतात. तपासणी ही खरी उणीव आहे. हॉलमध्ये मुले इतकी की लिहिलेले सारांश पुढच्या रविवारी केवळ सहीसह परत येत. काय चुकले याचा एक शब्दही नसे. पेपर सोडवण्याच्या भिंतीवरच्या वेळापत्रकातही पहिली दहा मिनिटे निव्वळ वाचनाची दाखवली होती. वस्तुतः 2023 पासून मंडळ ती वाढीव दहा मिनिटे पेपरच्या शेवटी देते, त्यामुळे हे नियोजन तातडीने सुधारायला हवे.

जागा पहिल्या मजल्यावर, बसस्थानकाहून रिक्षाने जाण्याजोगी. पंखे पुरेसे आहेत.

ज्या मुलाला अक्षरे जुळवून वाचतानाच अडचण येते त्याला येथे घालू नये, तो पहिल्या महिन्यातच मागे पडेल. घाईने वाचून गोंधळणाऱ्या मुलांना मात्र हा वर्ग लाभतो. ज्यांना लातूरपर्यंत येणे जमत नाही त्यांच्यासाठी बालभारतीचे ‘माय इंग्लिश कोर्सबुक’ संकेतस्थळावर विनामूल्य मिळते, आणि कागद दुमडण्याची रीत त्यातल्या पाठांवर घरीही चालवता येते. नव्या तुकडीची चौकशी करणाऱ्यांनी दुसरा हप्ता भरण्यापूर्वी सारांशाच्या वह्या कोण तपासणार आणि शेऱ्यांसह परत कधी देणार, हे स्पष्ट विचारून घ्यावे.