एरिंक ४२९ मानक : वापरणाऱ्याच्या नजरेतून

एअर डेटा कॉम्प्युटर एका कंपनीचा, ऑटोपायलट दुसरीचा आणि ट्रान्सपॉन्डर तिसरीचा असला तरी प्रवासी विमानात ते एकमेकांशी विनातक्रार बोलले पाहिजेत, आणि उद्या त्यांतले एखादे बदलले तरी बाकीच्या वायरिंगला हात लावावा लागू नये, ही विमान कंपन्यांची जुनी अपेक्षा आहे. ती पुरी करण्यासाठी एअरलाइन्स इलेक्ट्रॉनिक इंजिनीअरिंग कमिटी १९४९ पासून मानके ठरवत आली आहे. पूर्वी एरिंक कंपनीच्या छत्राखाली चालणारे हे काम २०१४ पासून एसएई आयटीसी या संस्थेकडे आहे. या मानकांपैकी रोज ज्याच्याशी गाठ पडते ते ४२९, म्हणजे १९७७ साली प्रसिद्ध झालेले डेटा बसचे, म्हणजे उपकरणांमध्ये माहिती वाहून नेणाऱ्या तारांच्या जोडणीचे, मानक.

त्याची रचना मुद्दाम साधी ठेवलेली आहे. पिळलेल्या, शिल्डेड (बाहेरील विद्युत गोंगाटापासून आवरणाने झाकलेल्या) तारांच्या एका जोडीवर पाठवणारा एकच आणि ऐकणारे जास्तीत जास्त वीस. ऐकणाऱ्याने उलट उत्तर देण्याची सोयच नाही. वेग सेकंदाला १०० किलोबिट किंवा त्याच्या सुमारे आठव्या हिश्शाएवढा. आजच्या हिशेबाने हा वेग हास्यास्पद वाटेल. पण बसवर बोलण्याची पाळी कोणाची, हा प्रश्नच येथे उद्भवत नसल्यामुळे सुरक्षिततेची अधिकृत मान्यता मिळवणे आणि दोष शोधणे ही दोन्ही कामे सोपी होतात. दोन तारांमध्ये ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारे यंत्र) लावला की अधिक १० व्होल्ट, शून्य आणि उणे १० व्होल्ट अशा तीन पायऱ्या स्वच्छ दिसतात, आणि कोणते उपकरण गप्प आहे ते काही मिनिटांत कळते.

खरी खोच ३२ बिटांच्या शब्दात, म्हणजे एका वेळी पाठवल्या जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यात, आहे. पहिले आठ बिट लेबलचे, म्हणजे माहिती कशाची आहे ते सांगणाऱ्या क्रमांकाचे, असून ते अष्टमान पद्धतीने (० ते ७ हेच अंक वापरून) लिहितात. उदाहरणार्थ, दाबावरून काढलेल्या उंचीचे लेबल २०३. मात्र लेबलचा सर्वांत वजनदार बिट आधी जातो, तर पुढील माहितीचा सर्वांत हलका बिट आधी जातो. हा उलटा क्रम न सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला २०३ च्या जागी ३०१ दिसतो, आणि नव्या अभियंत्याची सकाळ त्यातच जाते.

त्याहून गंभीर आक्षेप त्याच शब्दातील, माहितीची स्थिती सांगणाऱ्या दोन बिटांवर आहे. द्विमान माहितीत ते दोन्ही शून्य असतील तर उपकरणात बिघाड आहे असा अर्थ होतो, आणि दशमान अंकांच्या माहितीत त्याच दोन शून्यांचा अर्थ ‘अधिक चिन्ह’ असा होतो. सुरक्षेशी निगडित मानकात एकाच खुणेला असे दोन अर्थ देणे मला आजही पटत नाही. शिवाय एकच लेबल वेगवेगळ्या उपकरणांत वेगवेगळ्या राशींसाठी वापरले जाते, त्यामुळे उपकरणाचा क्रमांक पाहिल्याशिवाय नुसत्या लेबलवर विसंबता येत नाही.

प्रत्येक दिशेसाठी स्वतंत्र तारा लागत असल्याने वजन वाढते, हा दोष सर्वांनाच ठाऊक आहे. तो दूर करण्यासाठी आलेले, सेकंदाला २ मेगाबिट वेगाचे एरिंक ६२९ मानक बोइंग ७७७ वर बसले, पण पुढे फारसे पसरले नाही. एअरबस ए३८० आणि बोइंग ७८७ या विमानांनी इथरनेटवर (संगणक जोडण्याच्या नेहमीच्या जाळ्यावर) आधारलेले एरिंक ६६४ स्वीकारले; तिथेही कडेच्या अनेक उपकरणांसाठी ४२९ टिकून आहे, यातच त्याची लायकी दिसते.

दस्तऐवज तीन भागांत असून विकत घ्यावा लागतो. भाषा रुक्ष आहे, पण तक्ते चोख आहेत. दुरुस्ती किंवा चाचणीच्या कामासाठी पहिला भाग पुरेसा आहे, कारण विद्युत मर्यादा आणि लेबलांची यादी त्यातच मिळते. तिसरा भाग फाइल पाठवण्याच्या पद्धतीचा आहे. ते काम प्रत्यक्ष करणाऱ्यांनीच तो घ्यावा. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या परिचय-पुस्तिका समज येण्यासाठी उत्तम आहेत, पण त्यांतील लेबलांच्या याद्या अपुऱ्या असतात. त्यांच्या भरवशावर इंटरफेस (उपकरणे जोडणारा दुवा) बनवू नये.