कॅनडाला केअरगिव्हर म्हणून पाठवतो सांगून माझे 2,83,200 रुपये खाल्ले

लाज वाटते लिहायला, सासूबाईंना अजून पूर्ण आकडा माहीत नाही. पण परवा परत तसलीच जाहिरात मोबाईलवर आली, फोटो तेच, वाक्यं तीच, फक्त कंपनीचं नाव बदललंय आणि अंधेरीच्या जागी ठाणे झालंय, म्हणून गप्प बसवत नाही. ब्युरोतून पेशंटची ड्युटी करणाऱ्या बायकांनी तर हे वाचाच.

मी विक्रोळीला राहते. नऊ वर्षं घरोघरी जाऊन पेशंट सांभाळते, पॅरालिसिसचे, डिमेन्शियाचे, कॅथेटरवाले, सगळे केलेत. बारा तासांचे नऊशे रुपये, त्यात ब्युरोचं कमिशन. मुलगी अकरावीला. तर कोणी म्हणालं की कॅनडात केअरगिव्हर पाहिजेत, पीआरसकट, म्हणजे तिकडे कायमचं राहायच्या परवानगीसकट, ट्रेनिंग आम्ही देऊ, नोकरी आम्ही देऊ, तिकडे उतरल्यावर सेटलही आम्हीच करू, तर मी का नाही ऐकणार? मला फुकटचं काही नको होतं, जे काम इथे करते तेच तिकडे करायचं होतं. आणि योजना खोटी नव्हती हो, कॅनडा सरकारचा होम केअर वर्करचा पायलट, म्हणजे प्रायोगिक योजना, खराच होता, मी स्वतः नेटवर नाव बघितलं होतं. नाव बघितलं, खालचं वाचलं नाही. तो 31 मार्च 2025 ला उघडला तो फक्त आधीच कॅनडात काम करणाऱ्यांसाठी, आणि जागा लगेच भरून बंदही झाल्या. इथे बसून अर्ज करणाऱ्यांसाठी तो उघडलाच नव्हता. मी पैसे भरायला लागले सप्टेंबरात.

हिशोब असा. रजिस्ट्रेशन 11,000. ट्रेनिंग 40,000 वर 18 टक्के जीएसटी म्हणजे 47,200. मग एलएमआयए, म्हणजे बाहेरचा कामगार ठेवायला कॅनडातल्या मालकाला लागणारी तिथल्या सरकारची मंजुरी, म्हणून 1,60,000, त्यातले 50,000 यूपीआयने एका बाईच्या पर्सनल नावावर आणि 1,10,000 रोख, हे मंगळसूत्र आणि दोन बांगड्या गहाण टाकून आणलेले. शेवटी सेटलमेंट पॅकेज 65,000.

जीएसटी लावतात म्हणजे कंपनी खरी असणार असं मी धरून चालले. आता तो पावतीवरचा नंबर जीएसटीच्या साईटवर टाकून बघितला तर भिवंडीचं कुठलं तरी कापडाचं दुकान निघालं. दोन मिनिटांचं काम होतं ते.

ट्रेनिंग तीन आठवडे. चकाल्याच्या एका गाळ्यात आम्ही अकरा जणी आणि एक प्लास्टिकचा डमी. शिकवणारा पोरगा डमीला बेडवरून खुर्चीत घेताना दोन्ही काखेत हात घालून उचलत होता. मी तिथेच बोलले, असं पॅरालिसिसच्या माणसाला उचललंत तर खांदा निखळेल, आधी कुशीवर वळवा, पाय खाली सोडा, कमरेला धरा. तो म्हणाला मॅडम तुम्हाला तर सगळंच येतं. आणि मी खूश झाले. शिकवणाऱ्याला काम येत नाही हे डोळ्यांनी बघून मी खूश झाले.

सर्टिफिकेटवर तीन आठवड्यांच्या जागी सहा महिने लिहिलं होतं. विचारलं तर ऑफिसच्या मॅडम म्हणाल्या तिकडे सहा महिन्यांचंच लागतं, सगळ्यांचं असंच करतो. मी सही केली. हे लपवत नाही, ही माझी चूक. पण नीट ऐका, असा खोटा कागद लावून अर्ज गेला असता आणि पकडला असता तर कॅनडाची पाच वर्षांची बंदी माझ्यावर आली असती, एजंटवर नाही. आता वाटतं अर्ज केलाच नाही त्यांनी हे एक बरं झालं.

आता ती गोष्ट, जी आठवली की रात्री झोप लागत नाही. ऑफर लेटर दाखवायला बोलावलं होतं. टोरंटोचा पत्ता, ब्याऐंशी वर्षांच्या आजी, चालता येत नाही, आंघोळ, जेवण, औषधं. मॅडमना फोन आला म्हणून त्या बाहेर गेल्या. टेबलावर दुसरी एक फाईल होती, पंख्याने वरचं पुठ्ठ्याचं कव्हर उघडलं, आणि आत तेच पत्र. तोच पत्ता, त्याच आजी, तोच पगार, फक्त वर नाव दुसऱ्या बाईचं. मी वाचलं. नीट वाचलं. आणि मनात काय आलं सांगू, की आपल्याकडेही एका पेशंटला दिवसपाळी-रात्रपाळी दोन बायका लागतातच की, म्हणजे ही माझ्याबरोबरची असणार. मला उलट बरं वाटलं, की तिकडे आपली मराठी बाई सोबत असेल. नाव लक्षात ठेवलं. मॅडम आत आल्या, मी चहा प्यायले आणि तीन दिवसांनी एक लाख दहा हजार नेऊन दिले.

त्या दिवशी फाईलचा फोटो काढून उठून गेले असते तर दागिने घरात असते. पण तुम्ही म्हणाल एवढंही कळलं नाही का, तर नऊ वर्षं जे बघितलं त्यावरूनच माणूस अंदाज लावतो ना?

एलएमआयएची फी मालकाने भरायची असते, हजार डॉलर, आणि ती कामगाराकडून वसूल करायला कायद्याने बंदी आहे. हे मला माझ्या आत्ताच्या पेशंट आजींच्या नातवाने सांगितलं, तो कॅनडात मिसिसागाला असतो, व्हिडिओ कॉलवर सहज विषय निघाला. सेटलमेंट पॅकेजचं ऐकून तर त्याने डोक्यालाच हात लावला. माझ्या पॅकेजमध्ये होतं एअरपोर्ट पिकअप, महिनाभर रूम, सिन नंबर (तिथे काम करायला लागणारा सरकारी नंबर), इंग्रजीचा क्लास, रेझ्युमे. सिन नंबर तिथे फुकट मिळतो. पीआर झालेल्यांना इंग्रजीचे वर्ग, रेझ्युमे, नोकरी शोधायला मदत हे सगळं तिथल्या सरकारच्या पैशावर चालणाऱ्या संस्था फुकट करतात, पीआर मंजूर झाला की निघायच्या आधीसुद्धा मदत मिळते. फुकटच्या गोष्टीचे 65,000.

जानेवारीत ऑफिसला कुलूप. नशीब की पासपोर्ट डिसेंबरातच भांडून परत आणला होता. पासपोर्ट कुणाकडे ठेवायला देऊ नका, ती भारत सरकारची मालमत्ता असते, एजंटला झेरॉक्स बास.

मग पोलीस स्टेशन. घराजवळच्या चौकीत म्हणाले ऑफिस अंधेरीला, तिकडची हद्द. तिकडे गेले तर म्हणे यूपीआय कुठून केलं, घरून? मग तुमच्याकडची हद्द. झीरो एफआयआर म्हणून प्रकार आहे, कुठल्याही पोलीस ठाण्यात घ्यावाच लागतो, हे सांगितलं तर साहेब म्हणाले बाई तुम्ही आम्हाला कायदा शिकवू नका. तुम्ही स्वतःहून दिले ना, कुणी सुरी लावली होती का, हे दिवाणी मॅटर आहे, वकील बघा. सहा खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला माझी एक ड्युटी बुडते, नऊशे रुपये, हे कोण भरणार? एकदा तर बाकावर चार तास बसवून सांगितलं साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या. एमिग्रेशन ॲक्ट 1983 चं कलम 10 आणि 24 कागदावर लिहून नेलं, लायसन्सशिवाय परदेशी नोकरीला भरती करणं गुन्हा आहे म्हणून, तर हवालदार विचारतो हा कुठला ॲक्ट. चोराला शोधायचं राहिलं बाजूला, माझीच उलटतपासणी, नवरा काय करतो, त्याला विचारून दिले का. अर्जाची पोच मागितली तरी तोंड वाकडं. पोच घ्याच, शिक्का आणि तारीख, त्याशिवाय हलू नका.

एजंटचं लायसन्स ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं, परराष्ट्र मंत्रालयाचं आहे. आणि लायसन्सवाल्यालाही 30,000 अधिक जीएसटी, म्हणजे 35,400 च्या वर घेता येत नाही. नोकरी नाही, फक्त कॅनडाची फाईल करून देतो म्हणणारा असेल तर तिथल्या इमिग्रेशन कन्सल्टंट लोकांच्या कॉलेजच्या, म्हणजे त्यांना लायसन्स देणाऱ्या संस्थेच्या, रजिस्टरमध्ये त्याचं नाव शोधा, ऑनलाइन उघडं आहे. यूपीआयने पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच, त्याच दिवशी फोन करा, मी पाच आठवड्यांनी केला, खातं रिकामं होतं. रोख तर देऊच नका, रोखीचा माझ्याकडे आज एक कागद नाही.

त्या फाईलवरची बाई सापडली. नाव लक्षात होतं, ट्रेनिंगमधल्या एकीच्या ओळखीतून नंबर मिळाला, कळव्याला राहते, तिचे 2,40,000 गेलेत. आम्ही दोघींनी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून एकत्र अर्ज दिला तेव्हा कुठे एफआयआर झाला, फसवणुकीचं कलम 318 लागलं, एमिग्रेशन ॲक्ट अजून लावलेला नाही. आता सात जणी झालोत. ज्यांच्याकडे टोरंटोच्या त्या ब्याऐंशी वर्षांच्या आजींचं पत्र असेल त्यांनी ते फाडू नका, लाजेने घरात दाबूनही ठेवू नका, जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि त्यात लिहा की अंधेरीला गुन्हा नोंद आहे.