हॅमिल्टनचं लँकेस्टर शेपटीकडून बघा

कॅनडात ऑन्टारिओ प्रांतातल्या हॅमिल्टनच्या विमानतळावर कॅनेडियन वॉरप्लेन हेरिटेज म्युझियम आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बर विमानांपैकी आज उडू शकणारी जगात दोनच उरली आहेत. एक ब्रिटिश हवाई दलाकडे आणि दुसरं इथे. लोक आत आले की थेट नाकासमोर फोटोला उभे राहतात. पण या विमानाला ज्याचं नाव दिलंय त्या अँड्र्यू मायनार्स्की या कॅनेडियन गनरने काय केलं, हे समजायचं असेल तर आधी शेपटीकडे जा.

मागच्या टोकाला काचेचा टरेट, म्हणजे गनर बसतो ती फिरती खोली आहे, त्यात चार ब्राउनिंग मशीनगन. गनर आत बसला की पाठीमागे दारं बंद, आणि पॅराशूट मात्र दाराबाहेर, विमानाच्या धडात. उडी मारायची तर आधी दारं उघडून पॅराशूट घ्यायचं, ते अंगावर अडकवायचं, मग टरेट आडवा फिरवून पाठीवर बाहेर पडायचं. टरेट फिरवणाऱ्या हायड्रॉलिकला दाब मिळतो डावीकडच्या बाहेरच्या इंजिनावरच्या पंपातून. इंजिन बंद पडलं की दाब गेला, मग हाताने फिरवायचा दांडा तेवढा उरतो.

12 जून 1944 च्या रात्री इंग्लंडहून कॅनडाच्या हवाई दलाच्या 419 स्क्वाड्रनचं (तुकडीचं) लँकेस्टर फ्रान्समधल्या कांब्रेच्या रेल्वे यार्डावर निघालं होतं. मध्यरात्रीनंतर जर्मन लढाऊ विमानाने खालून, मागून गोळीबार केला. डावीकडची दोन्ही इंजिनं गेली. पंखात आणि दोन टरेटांच्या मधल्या भागात आग लागली. वैमानिकाने उड्या मारायचा हुकूम दिला. मागचा गनर पॅट ब्रोफी टरेटमध्ये अडकला, आणि हाताचा दांडाही तुटला. वरच्या टरेटमधून उतरलेला मायनार्स्की दरवाजाशी पोचला होता, सुटका हाताशी होती. ब्रोफीला अडकलेलं पाहून तो आगीतून मागे सरपटला. कुऱ्हाडीने, मग नुसत्या हातांनी टरेट सोडवायचा प्रयत्न केला. ब्रोफीनेच त्याला जा म्हणून खुणावलं. कमरेपर्यंतचे कपडे आणि पॅराशूट पेटलेलं असताना दरवाजाशी उभं राहून मायनार्स्कीने सॅल्यूट केला आणि उडी मारली. भाजल्याच्या जखमांनी तो गेला, वय 27. ब्रोफी मात्र विमान कोसळूनही वाचला, म्हणून तर हे जगाला कळलं. मायनार्स्कीला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यसन्मान, 1946 मध्ये, मरणोत्तर मिळाला. बाकीचे पाचही जण जिवंत राहिले.

उजव्या बाजूला, शेपटीच्या आडव्या पंखाच्या जरा पुढे मुख्य दरवाजा आहे. दरवाजा आणि टरेट यांच्यातलं अंतर नजरेने मोजा. इतकं जवळ, तरी आगीत किती लांब! या एका गोष्टीसाठी इथवर येणं सार्थकी लागतं.

हे विमान मात्र ते विमान नव्हे. त्या रात्रीचं केबी726 जळून गेलं. हे एफएम213, 1945 मध्ये ऑन्टारिओतच माल्टनला बनलं, कॅनडाच्या हवाई दलात सागरी गस्त घातली, पुढे गॉडरिच गावात खांबावर उभं होतं. म्युझियमने 1977 मध्ये घेतलं आणि 24 सप्टेंबर 1988 ला पुन्हा उडवलं. अंगावरची व्हीआर-ए ही अक्षरं मायनार्स्कीच्या विमानाची.

जाण्याआधी विमान घरी आहे का ते विचारून घ्या. उन्हाळ्यात ते हवाई प्रदर्शनांना जातं. हिवाळ्यात देखभालीसाठी उघडलेलं सापडू शकतं, आणि यंत्रांची आवड असेल तर तीच वेळ उत्तम, कारण एरवी झाकलेलं मर्लिन इंजिन तेव्हा दिसतं. पैसे भरून विमानात बसायचीही सोय आहे, पण हवा बिघडली की उड्डाण पुढे ढकललं जातं. परतीचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नका. आत चालताना पंखांची मुख्य तुळई धडाला आडवी येते, ती ओलांडूनच पुढे जावं लागतं. गुडघे दुखत असतील तर हे आधीच लक्षात ठेवा. जड उड्डाणपोशाख घालून, अंधारात, हेलकावणाऱ्या विमानात ती ओलांडणाऱ्या मुलांची आठवण तिथे आपोआप येते.