यंगफ्राऊ, टिटलिस की गोर्नरग्राट? स्वित्झर्लंडमध्ये एकाच डोंगरावर जायचं असेल तर

आई-बाबांना स्वित्झर्लंडला न्यायचं ठरलं, तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "बर्फ हाताला लागणार ना?" बाबांना बर्फाचं फारसं नव्हतं, त्यांना आल्प्सची शिखरं समोर उभी बघायची होती. दोघांच्या मागण्या सारख्या वाटतात, पण स्वित्झर्लंडमध्ये त्यासाठी दोन वेगळ्या डोंगरांवर जावं लागतं. तिकिटं काढण्याआधी हे लक्षात आलं तर बरेच पैसे वाचतात.

आपल्याकडच्या बहुतेक सहलींत टिटलिस आणि यंगफ्राऊ दोन्ही असतात. माझं मत स्पष्ट आहे: पाच-सहा दिवसांची सहल असेल तर उंचावरचा एकच डोंगर घ्या आणि त्यासाठी एक दिवस राखून ठेवा. ढग उतरले की ३,००० मीटरवर समोर फक्त पांढरा पडदा असतो आणि तिकिटाचे पैसे गेलेले असतात. प्रत्येक डोंगरावर कॅमेरे लावलेले आहेत. त्यांची दृश्यं मोबाइलवर दिसतात, बऱ्याच हॉटेलांत टीव्हीवरही लागतात. सकाळी चहा घेताना ती बघायची आणि मग निघायचं. आम्ही एक दिवस थांबलो, म्हणून आम्हाला निळं आकाश मिळालं.

यंगफ्राऊयोखला आम्ही गेलो. यंगफ्राऊचं शिखर ४,१५८ मीटर उंच आहे, पण आपण जातो ते शिखराखालच्या खिंडीत, ३,४५४ मीटरवर. युरोपातलं सर्वांत उंच रेल्वे स्थानक ते हेच. अडोल्फ गायर-झेलर या उद्योजकाच्या कल्पनेतून १८९६ मध्ये काम सुरू झालं, आयगर आणि म्योंख या डोंगरांच्या पोटातून सुमारे ७ किलोमीटरचा बोगदा खणला गेला आणि १९१२ मध्ये गाडी वर पोचली. गायर-झेलर त्याआधीच, १८९९ मध्ये गेले होते. वर जाताना आइसमेर नावाच्या थांब्यावर गाडी काही मिनिटं थांबते. डोंगर फोडून बसवलेल्या मोठ्या खिडकीतून हिमनदीच्या निळसर भेगा दिसतात. बाबा त्या काचेला नाक लावून उभे होते, त्यांना हाताला धरून गाडीत आणावं लागलं. माझ्या लेखी यंगफ्राऊचं खरं मोल या प्रवासात आहे. वरून दिसणारी आलेच हिमनदी सुमारे २० किलोमीटर लांब आहे, आल्प्समधली सर्वांत मोठी. ती बघताना माणूस आपोआप गप्प होतो.

आता अडचणी. या उंचीवर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास भरतो. आई बर्फाच्या महालात गेली. तिथे भिंती बर्फाच्या आणि पायाखालची जमीनही गुळगुळीत बर्फाची. कठडा धरून ती वीस पावलं चालली असेल, तेवढ्यात तिला दम लागला. बाहेर येऊन पंधरा मिनिटं बसलो, पाणी प्यायलो, मग बरं वाटलं. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय इथे येऊ नका. बाकीच्यांनी निम्म्या वेगाने चालावं. खिशाचंही बघा. उन्हाळ्यात इंटरलाकेनहून परतीचं पूर्ण तिकीट २०० फ्रँकच्या वर जातं आणि स्विस ट्रॅव्हल पासवर (गाड्या-बोटींचा एकत्रित प्रवासी पास) वरच्या टप्प्याला फक्त २५ टक्के सवलत मिळते. जाताना ग्रिंडेलवाल्डहून २०२० मध्ये सुरू झालेली आयगर एक्सप्रेस ही केबल कार घ्या, येताना मात्र क्लाइन शायडेगवरून लाउटरब्रुनेनला उतरा. त्याच तिकिटात दोन वेगळ्या दऱ्या बघून होतात.

टिटलिस सोपा आहे. ल्युसर्नहून पाऊण तासात गाडी एंगेलबर्गला पोचवते, तिथून गंडोला (छोट्या डब्यांची केबल कार) आणि शेवटच्या टप्प्याला स्वतःभोवती गोल फिरणारी केबल कार. १९९२ पासून ती अशीच फिरते, त्यामुळे खिडकीच्या जागेसाठी धक्काबुक्की करायची गरज नाही, सगळा देखावा आपणच फिरून समोर येतो. वर सुमारे ३,०२० मीटरवर पोचल्यावर दार उघडून बाहेर पडलात की बर्फ. ऐन जुलैतही. लहान मुलं बरोबर असतील आणि त्यांना बर्फात लोळायचं असेल, तर मी डोळे मिटून टिटलिस सांगेन. खर्च यंगफ्राऊच्या साधारण निम्मा, पासवर ५० टक्के सवलत, आणि दुपारपर्यंत परत ल्युसर्नला येऊन तळ्याकाठी फिरताही येतं. २०१२ मध्ये उघडलेला शंभर मीटर लांबीचा झुलता पूल आहे. रुंदी जेमतेम एक मीटर, त्यामुळे उंचीची भीती वाटणाऱ्याला आग्रह करू नका. वरून दिसणारं दृश्य छान आहे, पण यंगफ्राऊ किंवा गोर्नरग्राटइतकं छातीत भरणारं नाही.

गोर्नरग्राट आपल्या लोकांच्या यादीत फारसा नसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्याच्या पायथ्याचं झेरमाट गाव लांब पडतं, इंटरलाकेनहून आगगाडीने दोन तासांहून थोडं जास्त, म्हणून सहलींतून ते गळतं. पण बाबांसारखं कुणी घरात असेल, तर लांब पडलं तरी इथेच न्या. झेरमाटमध्ये पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्यांना बंदी आहे, गाडी अलीकडच्या टेश गावात ठेवून आगगाडीने यायचं. गावातून दातेरी रुळांवरची गाडी ३३ मिनिटांत ३,०८९ मीटरवर नेते. ही लाइन १८९८ ची आहे. चढताना उजव्या बाजूला बसा, कारण ४,४७८ मीटरचा मॅटरहॉर्न त्याच बाजूला उलगडत जातो. वर ४,००० मीटरवरची २९ शिखरं दिसतात, बसल्या जागेवरून. उतरताना रोटेनबोडेन स्थानकावर उतरून दहा-पंधरा मिनिटं चाललात की रिफेलझे हे छोटं तळं लागतं. वारा नसेल तर मॅटरहॉर्न त्यात उलटा उभा असतो. सकाळी जा, तेव्हा ऊन थेट त्याच्या अंगावर पडतं. वेळ उरला तर गावातल्या संग्रहालयात मॅटरहॉर्नवरच्या १८६५ च्या पहिल्या यशस्वी चढाईतली तुटलेली दोरी ठेवली आहे, ती बघा. शिखर सर करून उतरताना सातांपैकी चौघे गेले. एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: जुलै-ऑगस्टमध्ये इथे पायाखाली खडक असतात, बर्फ समोरच्या डोंगरांवर. पासवर ५० टक्के सवलत आहे.

आणि ज्यांना उंची झेपणार नाही, किंवा गुडघे दुखतात, त्यांच्यासाठी रिगी. उंची फक्त १,८०० मीटरच्या आसपास, त्यामुळे दम लागायची फारशी भीती नाही. ल्युसर्नहून तासाभराची बोट, मग फिट्सनाउहून १८७१ पासून चालणारी, युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे, आणि हे सगळं पासमध्ये मोफत. बर्फ उन्हाळ्यात नाही. खाली तळी, गायींच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज आणि दूरवर आल्प्सची रांग. येताना काल्टबाडला उतरून केबल कारने वेगिसला या, ल्युसर्नची बोट तिथूनही मिळते.