शेवटच्या खिडकीत बटणांची अदलाबदल

पीडीएफ फायली जोडायच्या-तोडायच्या एका प्रोग्रॅमचं सदस्यत्व मी रद्द केलं, आणि तरीही पुढच्या वर्षाची रक्कम कार्डावरून गेली. तक्रारीला उत्तर आलं, "आमच्या नोंदीनुसार आपणच सदस्यत्व सुरू ठेवण्याचा पर्याय निवडला आहे." नोंद खरी आहे. ती कशी करवून घेतात ते सांगतो.

रद्द करायला गेलात की एकामागून एक खिडक्या उघडतात. कारण काय? सवलत देऊ का? काही महिने थांबवून ठेवायचं का? प्रत्येक खिडकीत उजवीकडचं बटण रद्द करण्याकडे नेतं, डावीकडचं मागे. दोन-तीन खिडक्यांत हाताला ते पाठ होतं. शेवटच्या खिडकीत जागा बदलतात: उजवीकडे ठळक निळं "निश्चित करा" आणि डावीकडे पांढऱ्यावर फिकट राखाडी "तरीही रद्द करा". निश्चित काय होणार, ते वर बारीक अक्षरांत: सवलतीसह सदस्यत्व सुरू राहील. फोकस निळ्या बटणावरच, म्हणजे नुसता एंटर दाबला तरी तेच. मग हिरवी खूण आणि "धन्यवाद, आपली विनंती पूर्ण झाली." कोणती विनंती, याचा पत्ता नाही!

मदत कक्षातल्या गृहस्थांनी वर ऐकवलं, की बटणांचा क्रम प्रत्येक सिस्टीमवर वेगळा असतो. असतो ना. विंडोजवर 'ओके' आधी, 'कॅन्सल' नंतर. मॅकवर कॅन्सल डावीकडे आणि मुख्य बटण उजव्या टोकाला. पण एकाच प्रोग्रॅममध्ये मध्येच क्रम उलटवा, असं दोन्हीकडे कुणी सांगत नाही. मायक्रोसॉफ्टची मार्गदर्शक तत्त्वं तर म्हणतात, की डिफॉल्ट, म्हणजे आधीच निवडून ठेवलेलं उत्तर सर्वांत सुरक्षित असावं. इथे सुरक्षित होता तो फक्त कंपनीचा गल्ला.

या असल्या फसव्या रचनांना हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरने २०१० मध्ये 'डार्क पॅटर्न' असं नाव दिलं. माझ्या बाबतीत त्याची सुरुवात खरेदीच्या वेळीच झाली होती: वार्षिक योजना आधीच निवडलेली, 'आपोआप नूतनीकरण'च्या चौकटीत आधीच टिक. कुकीजच्या (वेबसाइट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदींच्या) एका खटल्यात युरोपीय संघाच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी स्पष्ट केलं, की आधीच टिक केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे. पण निकाल कुकीजपुरता, आणि माझे पैसे तर गेलेलेच.

अशी खिडकी समोर आली तर एंटरला हात लावू नका. बटणाची जागा आणि रंग सोडून त्यावरचा मजकूर वाचा, आणि प्रत्येक खिडकीचा स्क्रीनशॉट घ्या. मी घेतले नव्हते, त्यामुळे वादात माझ्या हाती काहीच नव्हतं. सदस्यत्व संपण्याची तारीख लिहिलेली मेल येईपर्यंत ते चालूच आहे असं धरा. कार्डावरची आपोआप वसुलीची परवानगी बँकेकडून वेगळी बंद करून घ्या. मी ती आता बंद केली आहे. गेलेल्या रकमेची तक्रार बँकेकडे अजून पडून आहे.