डब्यात चीज की हॉटडॉग?

नेटवर ही तुलना शोधलीत तर बहुतेक आकडे अमेरिकेतल्या बीफ हॉटडॉगचे निघतात. आपल्याकडे महाराष्ट्रात २०१५ मध्ये बैलही गोवंश हत्याबंदीत आले, आणि ठाण्यात घोडबंदर रोडच्या सुपरमार्केटात फ्रीजर उघडला की दिसतं ते मुख्यतः चिकन सॉसेज. म्हणून इथे तेच धरलंय.

१०० ग्रॅमचा हिशेब मांडला तर चेडर सहज पुढे. प्रथिनं २३ ते २५ ग्रॅम, सॉसेजमध्ये १३ ते १५. कॅल्शियम चेडरमध्ये ७०० मिलिग्रॅमच्या वर. सॉसेज त्याच्या जवळपासही फिरकत नाही. पण १०० ग्रॅम चीज एका बैठकीत खातं कोण? स्लाइस भरते २० ग्रॅमची, सॉसेज ४०-५० ग्रॅमचं. डब्यात जातं तेवढंच मोजलं तर स्लाइसमधून ४ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात, सॉसेजमधून ६. चीजकडे उरतं ते कॅल्शियम. चरबीतही चीज साळसूद नाही: चेडरमध्ये ३३ टक्के, आणि त्यातली निम्म्याहून जास्त संपृक्त (सॅच्युरेटेड), म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारी. घरात कोणाचं कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर हे आधी बघा.

खरी गोम मिठात आहे. साध्या चेडरमध्ये १०० ग्रॅमला साधारण ६५० मिलिग्रॅम सोडियम. प्रोसेस्ड चीजमध्ये ते बऱ्याचदा हजाराच्या वर जातं, कारण वितळताना तेल सुटू नये म्हणून त्यात सोडियमचेच फॉस्फेट किंवा सायट्रेट घालतात. सॉसेजही हजाराच्या आसपास. मोठ्या माणसाची दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम! तलावपाळीवर सँडविचवर किसलेल्या चीजचा डोंगर उभा राहतो, तेव्हा खालचं बटर, चटणी आणि ब्रेडमधलं मीठ वेगळं मोजायचं.

मग सॉसेज मागे का पडतं? कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेनं २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं, तंबाखूच्या गटात. घाबरून जाऊ नका. गट सांगतो पुरावा किती पक्का आहे, धोका किती मोठा ते नाही. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका मूळच्या धोक्याच्या १८ टक्क्यांनी वाढतो. अभ्यास प्रामुख्यानं बीफ-पोर्कचे आहेत, पण व्याख्येत चिकनही येतं. रोज एक सॉसेज म्हणजे जवळपास तेवढेच ग्रॅम.

म्हणून रोजच्या डब्यासाठी माझं मत चीजला, तेही प्रोसेस्ड स्लाइसऐवजी साध्या चेडरच्या तुकड्याला. सॉसेज कधीतरी, वाढदिवसाला वगैरे. नुसती प्रथिनंच हवी असतील तर दोघांनाही सुट्टी द्या: दोन उकडलेल्या अंड्यांत १२ ग्रॅम मिळतात. अंडं चालत नसेल त्यांनी पनीर आणावं. त्यात मीठ जवळजवळ नसतंच, भुर्जीत किती घालायचं ते आपल्या हातात.