क्रिट नशिबाचा की डावपेचाचा? डी अँड डी, पाथफाइंडर आणि ब्लेड्स

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेमसाठी ग्रुप जमलाय, फासे आलेत आणि ‘कुठली सिस्टीम (म्हणजे कुठल्या गेमचे नियम) घ्यायची’ इथेच गाडी अडली असेल, तर पुस्तकाच्या जाडीवर जाऊ नका. क्रिट (क्रिटिकल, म्हणजे नेहमीपेक्षा जबरदस्त यश) कसा लागतो ते आधी बघा. सिस्टीमचा स्वभाव तिथेच कळतो.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत (2014) हल्ला करताना डी-20 वर (वीस बाजूंच्या फाशावर) 20 पडले की क्रिट. डॅमेजचे (समोरच्याला किती इजा झाली त्याचे) फासे दुप्पट होतात, वर मिळवायचा ठरलेला आकडा तेवढाच राहतो. चॅम्पियन फायटर या लढवय्या पात्रासारखे अपवाद सोडले, तर शक्यता 5 टक्के. अ‍ॅडव्हान्टेज (दोन डी-20 टाकून मोठा आकडा घ्यायची सवलत) असेल तर पावणेदहाच्या आसपास. कुलूप उघडताना 20 पडले म्हणून क्रिट, असं मूळ नियमांत नाहीच, पण बरेच ग्रुप तसं खेळतात. नियम लगेच समजतो. मात्र क्रिट लागला तो नशिबाने.

पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत (2019) फासा आणि बोनस मिळून टार्गेटपेक्षा 10 ने जास्त आलं की क्रिट, 10 ने कमी पडलं की क्रिटिकल फेल्युअर. नॅचरल 20 ने (फाशावरच 20 पडले तर) निकाल एक पायरी वर सरकतो, 1 ने खाली. पहिल्या लेव्हलच्या फायटरचा बोनस +9 आणि समोरच्या गॉब्लिनचा एसी (आर्मर क्लास, म्हणजे हल्ला लागायला गाठायचा आकडा) 16 धरा. 17 पासून पुढे क्रिट, म्हणजे 20 टक्के. आता जोडीदार पलीकडून गेला, गॉब्लिन दोघांच्या मध्ये सापडला, त्याचा एसी 14 झाला. बार्डने (गाण्याने साथीदारांना बळ देणाऱ्या पात्राने) +1 दिला. शक्यता थेट 35 टक्के! क्रिटमध्ये डॅमेजही बेरजेसकट दुप्पट. म्हणून इथे एकेका +1 साठी माणसं जीव टाकतात, आणि क्रिट लागला की सगळं टेबल ओरडतं, कारण तो सगळ्यांनी मिळून कमावलेला असतो. मला तिघांत हीच पद्धत सर्वांत आवडते. किंमत मात्र आहे: प्रत्येक वेळी बेरीज, वजाबाकी, त्याच पाळीतल्या दुसऱ्या हल्ल्याला -5, वर कंडिशन्सची (पात्रांवर चालू असलेल्या परिणामांची) यादी. आकडेमोडीचा कंटाळा असलेला एक जण जरी टेबलवर असला, तरी लढाई रेंगाळते.

ब्लेड्स इन द डार्कमध्ये (2017) साधे सहाबाजू फासे टाकून त्यातला सर्वांत मोठा आकडाच धरायचा. 6 म्हणजे काम फत्ते, 4-5 म्हणजे काम होतं पण काहीतरी अंगाशी येतं, दोन 6 पडले की क्रिट. दोन फाशांवर ही शक्यता जेमतेम 3 टक्के, चारांवर 13. आकडेमोड जवळजवळ नाही, पण धोका किती आणि परिणाम किती हे फासे टाकण्याआधी बोलून ठरवावं लागतं. बोलायला लाजणाऱ्या ग्रुपला हे जड जातं.

दर आठवड्याला तेच चार-पाच जण जमणार असतील आणि निदान दोघं नियम वाचणार असतील, तर बिनधास्त पाथफाइंडर घ्या; नियम आर्काइव्हज ऑफ नेथिस या साइटवर फुकट आहेत. कोण कधी येईल याचा भरवसा नसेल, तर डी अँड डी. नियम वाचायला कोणीच तयार नाही पण गप्पांना ऊत येतो, अशा ग्रुपला ब्लेड्स द्या; फक्त जीएमने (गेम चालवणाऱ्याने) आधी पुस्तक नीट वाचलेलं हवं.